काकाच्या गाडीला मोठे टायर

आमच्या घरात कोणतीही वस्तू आली तशी कधी राहिली नाही, कारण बाबांना ती लहान वाटायची. टीव्ही आला तेव्हा त्याचा अँटेना त्यांनी इतक्या उंच बांबूवर चढवला की वारा सुटला की बांबू डोलायचा आणि त्याच्यासोबत बातम्या सांगणारी बाईही डोलायची. फाटक केलं ते असं, की धानानं भरलेला ट्रॅक्टर आत येताना शेजारून म्हैस आरामात बाहेर जाईल. ते लोटायला दोन गडी लागत, म्हणून ते बारा महिने उघडंच राहिलं आणि गावातल्या बकऱ्या आमच्या तुळशीवर पोसल्या. बाबा गावातले मोठे शेतकरी, भावांत थोरले, आणि लहान वस्तू माणसाला लहान करते हे त्यांचं ठाम मत. आईची उंची मात्र बेताची होती. घरातली तेवढी एकच लहान गोष्ट खपून गेली, कारण सोयरीक जुळवताना आईला बसलेलीच दाखवली होती.

आमचं गाव आमगावच्या पलीकडे, डोंगरीच्या पायथ्याशी. आम्ही पोवार, घरात पोवारी, दारात झाडीबोली, आणि गोंदियाचा व्यापारी आला की हिंदी. सकाळी गिरणीचा पट्टा सुरू झाला की त्याची घरघर थेट दुपारच्या जेवणापर्यंत कानात राहायची. ती थांबली की गावाला एकदम भूक लागायची. पितळी ताटात भाताचा डोंगर, त्यावर लाखोरीची डाळ, बाजूला पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, दाण्यांची भाजी. बाबा जेवताना बोलत आणि आम्ही ऐकत असू. उलट बोलायची पद्धत नव्हती. पद्धत नव्हती म्हणजे कोणी मनाई केली होती असं नाही, पण आमच्या घरात 'नाही' हा शब्द फक्त भिकाऱ्याला आणि फेरीवाल्याला वापरत. आता मी स्वतः केस पांढरे करून बसले आहे, तरी बाबांच्या वयाचा माणूस समोर आला की माझ्या तोंडून आधी 'हो जी' निघतं आणि विचार मागून येतो.

या घरात सगळ्यात जास्त 'हो जी' म्हणणारा माणूस म्हणजे तेजराम काका, बाबांचा धाकटा भाऊ. लग्नाचं वय निघून चाललं होतं. तो नागपूरजवळच्या एका वॉटर पार्कमध्ये कामाला होता. लोकांना घसरगुंडीवर बसवायचं, आणि पार्कच्या मागच्या माळावर चार चाकांच्या फटफटीवरून फेरी मारून आणायचं, हे त्याचं काम. आमच्याकडे यावर इतकंच म्हणत, की पोरगा सर्कशीत आहे. पुढे ते पार्क बंद पडलं, मालकानं सामान येईल त्या भावाला विकलं, आणि काका कोंड्याच्या ट्रकवर ती फटफटी चढवून घरी आला.

तशी गाडी आमच्या भागात कोणी पाहिली नव्हती. मोटारसायकलसारखं हँडल, मोटारसायकलसारखी सीट, पण खाली चार बुटके, फुगीर टायर. सगळी गाडी जमिनीला पोट टेकून बसल्यासारखी. गावानं तासाभरात तिचं नाव बेंडकी ठेवलं. पण काका त्या बेंडकीवर बसला की वेगळाच माणूस व्हायचा. डोंगरीवर एक पायवाट जाते, बाया मोहफुलं आणि तेंदूची पानं आणायला जातात ती. दगड, मुळं, मध्येच ओढ्याचं कोरडं पात्र. काका त्या वाटेनं वर जायचा. वळणावर अंग एका बाजूला टाकायचा, उतारावर ढुंगण पार मागे न्यायचा, आणि ती गाडी त्याच्या अंगासोबत वळायची. वरच्या महादेवाच्या थानापर्यंत जाऊन तो परत यायचा तेव्हा भुवयांपर्यंत धूळ आणि दात दिसेपर्यंत हसू. काकाला इतकं खूश मी घरात कधी पाहिलं नव्हतं. कधीतरी हीच घेऊन आमच्याकडच्या प्रतापगडला, महादेवाच्या यात्रेला जायचं, असं तो मला सांगायचा, आणि ते फक्त मलाच सांगायचा.

चूक त्याचीच झाली. एक दिवस जेवताना तो बोलून गेला की वाटेतल्या एका दगडाला गाडीचं पोट घासतं, मागचे टायर बोटभर मोठे असते तर बरं झालं असतं. बोटभर. बाबांचा घास हातातच राहिला. बेंडकी आल्यापासून त्यांच्या मनात जे सलत होतं त्याला वाट मिळाली. सलत काय होतं, तर काका गाडीवरून चौकातून गेला की पारावर बसलेल्या लोकांचं डोकं वर आणि आमच्या घरच्या माणसाचं डोकं खाली.

त्याच सुमारास फुफाजी, म्हणजे आमच्या आत्याचे यजमान, काकासाठी स्थळ घेऊन आले. तिरोड्याकडची मुलगी, हेमलता, शाळेत शिकवणारी. काका आणि बाबा तिला पाहून आले होते. पाहायचं काम बाबांनीच केलं असणार, पण परत आल्यावर काका दोन दिवस गाडी पुसत बसला आणि मला म्हणाला, "बाई, ते पोरगी स्वतःच्या लुनानं शाळेत जाते. पावसात बी." मला पुढे विचारायची गरज पडली नाही. त्याला ती हवी होती. आयुष्यात काहीतरी हवं आहे असं त्याच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि मला त्याची भीतीच वाटली.

आता मुलीकडचे आमचं घर पाहायला येणार होते, मंडईच्या दिवशी. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, दंडार म्हणजे नाचगाण्याचा खेळ होतो, पाव्हणे-रावळे येतात, आणि निम्म्या सोयरिकी जिलेबीच्या दुकानासमोरच ठरतात. अशा दिवशी नवरदेव बेंडकीवर दिसला तर इज्जत काय राहिली, म्हणून बाबांनी हुकूम सोडला की मंडईच्या आत टायर मोठे झाले पाहिजेत, आणि मोठे म्हणजे लांबून दिसतील असे.

आमगावच्या मिस्त्रीला बोलावणं गेलं. हा मिस्त्री मूळचा गोंदियाचा, हिंदी बोलायचा, आणि त्याच्याकडे प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर होतं: "हो जाएगा." पॉवर टिलरचे टायर या गाडीला बसतील का? हो जाएगा. पॉवर टिलर म्हणजे धानाच्या बांधीत चिखल करायचं यंत्र. त्याच्या टायरांना बोटाएवढ्या जाड पट्ट्या असतात, चिखलात रुतून पकड घ्यायला. डोंगरीवर चिखल नाही, दगड आहेत, हे काकानं हळू आवाजात सांगून पाहिलं. पण आमच्या भागात चिखलात चालतं ते सगळीकडे चालतं, असं मानतात. माणसाची पारखही आम्ही तशीच करतो. मिस्त्रीनं लेथवर लोखंडी कडी कातून नवी चाकं बसवली. टायर मडगार्डला घासायला लागले, म्हणून मडगार्ड कापले. पाय टायरला लागायला लागले, म्हणून पाय ठेवायची जागा वर सरकवली, आणि आता बसणाऱ्याचे गुडघे कानाशी आले. बाबा खुर्ची टाकून समोर बसलेले. दर थोड्या वेळानं उठून टायरशेजारी उभं राहून बघायचे, आपल्या कमरेपर्यंत किती आला.

गाडी सुरू केली तर इंजिन ओढेना. मोठं चाक फिरवायला जोर जास्त लागतो. काकाला हे ठाऊक होतं. तो म्हणाला, चेनची पुढची गरारी, म्हणजे दात्यांचं चाक, लहान टाकली की गाडी ओढेल. बाबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की जणू त्यानं घराण्यात पाट लावायची गोष्ट काढली. "मोठ्या चाकाले लहान गरारी? लोकं हासतीन." विषय संपला. मागची गरारी मोठी करू असं म्हटलं असतं, तर तेच काम झालं असतं आणि बाबांनी आनंदानं परवानगी दिली असती. इतकी वर्षं त्या घरात राहून काकाला ही भाषा कशी आली नाही, याचं मला अजूनही नवल वाटतं. आईला ती उत्तम येत होती. घरातली सगळी कामं ती 'मोठं' हा शब्द घालून करून घ्यायची.

मग दगडावर गाडी उड्या मारायला लागली. यावर बाबांनी जो उपाय काढला तो आमच्या भागाबाहेर कोणाला सुचला नसता. चिखलणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या मागच्या टायरांत हवेऐवजी पाणी भरतात. चाक जड होतं, चिखलात दाबून बसतं, घसरत नाही. बाबा म्हणाले, पाणी भरा. मिस्त्री म्हणाला, हो जाएगा. चारही टायरांत नळी लावून आमच्या विहिरीचं पाणी भरलं. काका एवढंच बोलला, की दादा, ब्रेक जुनेच आहेत. बाबा म्हणाले, "बैलाले ब्रेक राहते का?" तो म्हणाला, हो जी. शेवटी मागे लोखंडी कॅरियर जोडून त्यावर गादी बसवली, कारण एका माणसाची गाडी ही कल्पनाच बाबांना दरिद्री वाटत होती.

त्या दिवसांत काका डोंगरीवर गेलाच नाही. संध्याकाळी फाटकाजवळ उभा राहून गाडीकडे बघायचा. गाडी आता उंच होती, रुबाबदार होती, आणि तिच्यावर बसलेल्या माणसाचं डोकं पारावरच्या लोकांच्या वर जात होतं. मी विचारलं, जमते का. म्हणाला, "दादाले आवडली." मला त्याचा राग आला आणि त्याच्यासाठी रडूही आलं.

मंडईच्या दिवशी हेमलताचे वडील आले, आणि त्यांच्यासोबत खुद्द हेमलता. आमच्याकडे खळबळ. मुलगी स्वतः घर पाहायला येते हे कोणी ऐकलं नव्हतं. आत्यानं पदराआडून टोमणा मारला तर ती सरळ म्हणाली, "मले राहा लागन त्या घरात. मी नाही पाहीन तं कोन पाहीन?" आई स्वयंपाकघरात तोंड फिरवून हसली, ते मी पाहिलं. उडदाचे बडे तळत होते, सुवाऱ्या, म्हणजे आमच्या पुऱ्या, फुगत होत्या, कांद्याच्या फोडणीचा वास फाटकाबाहेर गेला होता. जेवणं झाली. बाबांनी पाव्हण्यांना फाटक दाखवलं, अँटेना दाखवला, आणि मग गाडीपाशी आणलं.

हेमलतानं गाडीला एक फेरी मारली. टायरच्या पट्टीवर बोट फिरवलं, कापलेला मडगार्ड पाहिला. मग काकाकडे बघून विचारलं, "हे टायर तुमाले पायजे होते का?"

काका तिच्याकडे बघतच होता. उत्तर त्याच्या तोंडाशी आलेलं मला दिसत होतं. पण सवय वाईट असते. त्यानं मान वळवून बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, त्याला काय विचारता, हे सगळं मी करून घेतलं, आणि मिस्त्रीचं कौतुक सांगायला लागले. हेमलता वडिलांच्या बाजूला जाऊन उभी राहिली. काका काय गमावून बसला ते त्या अंगणात फक्त आम्हा तिघांना कळलं होतं: तिला, मला आणि त्याला.

यानंतर बाबांनी जाहीर केलं की गाडी पाव्हण्यांसमोर डोंगरीवर जाईल, आणि कॅरियरवर ते स्वतः बसतील. पांढरं धोतर, टोपी, खांद्यावर नवा दुपट्टा. मंडईतली अर्धी गर्दी दंडार सोडून डोंगरीच्या पायथ्याशी आली. तिथे आमच्या गावाची बोडी आहे, म्हणजे शेतासाठी बांधलेलं लहान तळं, आणि त्या दिवसांत ती काठोकाठ भरलेली आणि शिंगाड्याच्या वेलींनी झाकलेली असते. गाडी चढायला लागली. चढली म्हणजे काय, म्हातारी बाई गुडघ्यावर हात ठेवून पायऱ्या चढते तशी चढली. इंजिन कण्हत होतं, धूर निघत होता, पण बाबा वरून हात हलवत होते आणि लोक टाळ्या देत होते. थानापाशी जाऊन गाडी वळली.

खाली येतानाचं मी सगळं पाहिलं. उतारावर काका नेहमीसारखा मागे सरकायला गेला, पण मागे बाबा होते. पाणी भरलेल्या चाकांना एकदा वेग आला की जुन्या ब्रेकचं त्यांनी ऐकलं नाही. काका ओरडत होता, "दादा, मागे झुका," आणि बाबा आयुष्यात कोणाच्या सांगण्यावरून झुकले नव्हते, ते दोन्ही हातांनी काकाच्या पोटाला मिठी मारून पुढेच येत होते. गर्दी फाटली. गर्दीमागे तिथेच दुकान थाटलेल्या जिलेबीवाल्यानं कढई सोडून उडी मारली. काकानं शेवटच्या क्षणी हँडल वळवलं म्हणून कोणाला लागलं नाही, आणि गाडी बांध चढून सरळ बोडीत गेली. टायरांत हवा असती तर ती तरंगली तरी असती. पाणी होतं, म्हणून ती शांतपणे तळाला गेली.

आधी टोपी वर आली, मग बाबा. गळ्यात शिंगाड्याच्या वेली, फुलासकट. नंतर काका आला. पाणी छातीइतकंच होतं, दोघं उभे राहिले. सगळी मंडई काठावर, कोणी हसायची हिंमत करत नव्हतं. हेमलता आणि तिचे वडीलही तिथेच. बाबांनी तोंडावरचं पाणी पुसलं, खाकरले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "टायर लहान पडले गा, तेजराम. आनखी मोठे लावू."

"नाही," काका म्हणाला.

बाबांना वाटलं त्याच्या कानात पाणी गेलं. त्यांनी पुन्हा सांगितलं, ट्रॅक्टरचे पुढचे टायर लावू, मिस्त्रीला सांगतो. काका म्हणाला, "नाही दादा. मी जुनेच लावीन. गाडी माझी आहे." आणि बाबांना तिथेच सोडून तो काठाकडे चालायला लागला. मला तर वाटलं, जिंकला काका, सोयरीक पक्की झाली. पाव्हणे मात्र चहा न घेता निघून गेले.

काही दिवसांनी फुफाजी निरोप घेऊन आले. नकार होता. कारण विचारलं तर ते सांगायला तयार होईनात, आईनं चहा दिला तरी बोलेनात, शेवटी मान खाली घालून बोलले. हेमलतानं म्हटलं होतं: "एक वेळा 'नाही' म्हनासाठी त्यायले बोडीत बुडा लागलं. मी रोज रोज बोडी कुठून आनू?"

मी दाराआड होते, मला हसू आलं आणि लगेच वाईट वाटलं. बाबांनी यातून असा अर्थ काढला की मुलगी तोंडाळ आहे, आणि बुटकीही होतीच. काका अंगणात गाडीपाशी बसला होता. बोडीतून गाडी काढून, मोठी चाकं खोलून त्यानं जुनी बुटकी चाकं एकट्यानं बसवली होती. मडगार्ड कापलेले, त्यामुळे बेंडकी आता पिसं काढलेल्या कोंबडीसारखी दिसत होती. निरोप त्यानं ऐकला. मला वाटलं तो आता रडेल. तो म्हणाला, बरोबर बोलली ते. आणि हात पुसायला लागला.

बाबा म्हणाले, लांजीकडे दुसरं स्थळ आहे, मुलगी उंच आहे, आइतवारी जाऊ.

"नाही दादा."

"काऊन?"

"मले तेच पोरगी पायजे. मी जाऊन येतो तिच्याकडं."

घरात सगळे जागच्या जागी थांबले. आई झारा हातात घेऊन दारात आली. बाबा म्हणाले, "आन ते पुन्हा नाही म्हनन तं?"

"तं मले म्हनन," काका म्हणाला. "तुमाले नाही."

त्याच्या अंगावर त्या वेळी पाण्याचा थेंबही नव्हता. त्यानं गाडी सुरू केली आणि फाटकातून निघाला. पारावरच्या लोकांच्या खालून त्याचं डोकं गेलं, तिरोड्याच्या रस्त्याला लागलं आणि दिसेनासं झालं. बाबा अंगणात उभे. आईनं त्यांना विचारलं, मोठ्या कपात चहा देऊ का. ते हो म्हणाले.

तिकडे हेमलताच्या दारात काय बोलणं झालं ते मला शब्दन् शब्द ठाऊक आहे, आणि खरं सांगायचं तर या प्रकरणातला सगळ्यात चांगला भाग तोच आहे. पण काकीनं तो लिहायला मनाई केली आहे. मला हे पटलं नाही. मी काकाला फोन लावला, म्हटलं, गोष्ट तुझी आहे, गाडी तुझी होती, आता तूच सांग, लिहू की नको. तो म्हणाला, "थांब, तिले विचारतो."